विमलचा निकाल सकाळी लागायचा

शेवटच्या संध्याकाळी आम्ही एका म्हशीची गोष्ट वाचली. मी वाचली, विमलनं ऐकली. लेकरांचं पुस्तक, पातळसं. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. ती गुळाच्या ढेपीजवळ आपल्या खुर्चीत, पाय पाटावर, अंगावर जुनी शाल. मी गल्ल्यापाशी बल्बाखाली पुस्तक डोळ्यांजवळ धरून.

गोष्ट साधी. एका घरची म्हैस विकली जाते, आणि दर बाजाराच्या दिवशी दावं तोडून जुन्या घरी परत येते. मागून नवा मालक दोर घेऊन धापा टाकत येतो. पहिल्यांदा भांडण होतं. दुसऱ्यांदा जरा कमी होतं. तिसऱ्यांदा तो येतो, तर घरच्या बाईनं त्याच्यासाठी आधीच चहा ठेवलेला असतो. तिथं माझं बोट घसरलं. "चहा ठेवलेला होता," मी वाचलं, आणि परत तीच ओळ वाचली, "चहा ठेवलेला होता." विमल हसली. तिचं हसणं आवाजाचं नव्हतं, नुसती खुर्ची कुरकुरायची.

"काय झालं वं?"

"काई नाई. वाचा पुढं."

पुस्तक संपलं. मी विचारलं, "ठेवाचं का वापस कराचं?"

"सकाळी सांगते."

हा तिचा नियम होता. कोणत्याही पुस्तकाचा निकाल ती त्याच दिवशी देत नसे. रात्र जाऊ द्यायची. सकाळी चहा पिताना डोक्यात जे उरलं असेल तेवढंच पुस्तक, बाकी कागद. "ताजं तं सगळंच गोड लागते," म्हणायची, "शिळं झाल्यावर चव समजते."

त्या पुस्तकाची रात्र गेली, पण उजाडायच्या आधी विमल गेली. गठ्ठ्यातलं ते शेवटचं पुस्तक होतं, आणि लेकरांचं अख्खं कपाट त्याच्या निकालावर अडलं होतं. कसं, ते सांगतो.

लायब्ररीची माणसं आली होती. म्हणाली, काका, काकूंवर काहीतरी लिहून द्या, वर्षाच्या अंकात छापू. मी म्हटलं, चौथीतून उठलेला माणूस मी, उधारीच्या वहीपलीकडे काही लिहिलं नाही. म्हणाले, बोलता तसं लिहा. म्हटलं, बोलतो तसं लिहिलं तर तुम्हाला छापता येणार नाही. तरी लिहायला बसलो. दुसरं काय करू? सकाळी दुकान उघडतो, संध्याकाळी ओढतो. भाजी जास्त होते. किती टाकायची ते अजून हाताला समजलं नाही.

समुद्रपूरच्या पुढे एसटीच्या रस्त्यावर आमचं गाव. दुकान वडिलांचं. विमल मॅट्रिक होती, मी चौथी, आणि हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. इतर पुष्कळ बोलून दाखवलं. तिचं तोंड तिखट होतं.

पुस्तकं पारखायचं तिचं काम सुरू झालं ते रद्दीपासून. पूर्वी आम्ही पुड्या बांधायला रद्दी घ्यायचो. शाळेची जुनी पुस्तकं, मासिकं, कोणाच्या घरातली मेलेल्या माणसाची पुस्तकं, सगळी तागडीत तोलून. मी पान फाडायचो आणि ती मागून ओरडायची, "थांबा!" तिथंच उभ्यानं वाचायची. गिऱ्हाईक उभं, तागडी लटकलेली. मग एकेक सांगायची. "याच्यात मीठ बांधा. याच्यात तिखट बांधा, तेवढाच काई तिखटपणा येईल त्याच्यात. हे नाई फाडाचं." न फाडायची पुस्तकं तिनं डाळीच्या फळीवर लावायला सुरुवात केली. होता होता डाळ खाली आली आणि पुस्तकं वर गेली. लोक साबण घ्यायला यायचे आणि विचारायचे, "वहिनी, काई वाचाले आहे का?" ती माणसाकडं पाहायची आणि एक काढून द्यायची. लायब्ररीच्या तेव्हाच्या सेक्रेटरीनं चहापत्ती घेता घेता हे पाहिलं, आणि तिला लायब्ररीत नेऊन बसवलं. पुस्तकं निवडायला. पगार नव्हता. मी म्हटलं, फुकट कायले जातं? ती म्हणाली, "दुकानात काय पगार देता तुम्ही मले?"

निवडायची तिची रीत कोणाची नसेल. नवीन पुस्तकं नमुन्याला आली की आधी सगळ्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं. मी पिठाची खळ शिजवायचो, दिगांबर कव्हरं घालायचा. दिगांबर म्हणजे लायब्ररीचा शिपाई, आता त्याचेही केस पांढरे झाले. तो वरचं नाव, लेखकाचं नाव, चित्र, मागची तारीफ, सगळं झाकायचा, आतलं नावाचं पानही चिकटवून टाकायचा. मग गठ्ठा विमलकडं. कोणी लिहिलं, किती मोठा माणूस आहे, बक्षीस मिळालं का, काही कळायचं नाही. सगळी पुस्तकं सारखी, बिनचेहऱ्याची.

"पोरगी पाहाले गेलं की पावडर पाहून येता," ती म्हणायची. "नांदवाची आहे ना, मंग पावडर काऊन पाहता?"

आणि पहिलं पान ती वाचतच नसे. मधून उघडायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पाहुणा येणार म्हणून बैठक सगळेच झाडतात. मधल्या खोलीत जाऊन पाहा, म्हणजे घर समजते." मधल्या खोलीत बरं वाटलं तरच ती दारातून परत सुरू करायची.

या कव्हरांनी एकदा मोठा घोळ केला. गोविंदराव म्हणून आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख, कडक माणूस, बायको-सुनांना मोठ्यानं हसू न देणारा. त्यांना संताचं चरित्र पाहिजे होतं. दिगांबरनं निकाल लागायच्या आधीच गठ्ठ्यातलं एक उचलून दिलं, कव्हर सारखंच ना. घरी जाऊन गोविंदरावांनी उघडलं, तर ती एका पळून गेलेल्या जोडप्याची कादंबरी. आमच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. दिगांबर दोन बाजार त्यांच्या आळीनं गेला नाही. म्हणाला, "काकू, ते मले टाळानं मारतीन."

गोविंदराव आले ते पुष्कळ दिवसांनी. पुस्तकावर नवं कव्हर, जाड कागदाचं. विमलच्या पुढं ठेवलं. ते इकडंतिकडं पाहून म्हणाले, "वरचा कागद फाटला होता. घरी कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून नवा घातला." मग जायला निघाले, उंबऱ्यात थांबले. "बाई, ती पोरगी पुढं सुखात राह्यली असंल का?"

"मलेही तेच वाटून राह्यलं, भाऊ," विमल म्हणाली. "लिहिणाऱ्यानं सांगितलं नाई."

दुसऱ्या सकाळी तिनं ते पुस्तक ठेवायच्या गठ्ठ्यात टाकलं.

लेकरांच्या पुस्तकांना ती जास्त कडक होती. मोठ्याला वाईट पुस्तक दिलं तर तो शिव्या देईल आणि दुसरं घेईल, लेकराला दिलं तर ते वाचणंच सोडेल, असं तिचं म्हणणं. वैशाखात स्वेटर घातलेले पोट्टे पुस्तकात दिसले की डोकं उठायचं तिचं. "कुठचं गाव आहे बाप्पा हे? इथं अंगावर सदरा ठेवत नाई कोणी." शेवटी उपदेश असला की पुस्तक परत. "औषध द्याचं तं औषध म्हणून द्या. पेढ्यात गोळी लपवली तं पोट्टं पेढा खाणंच सोडते."

चुकायचीही. भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक तिनं रद्दी म्हणून बाजूला टाकलं. ते शाळेच्या पोरींनी तिथून उचललं आणि घरोघर फिरवलं. परत आलं तेव्हा पानं सुटलेली, कोपरे चघळलेले. विमलनं ते हातात घेऊन उलटून पालटून पाहिलं. म्हणाली, "मी नापास." आणि त्याच्या आणखी प्रती मागवल्या. पुस्तक परत आलं की ती डाग पाहायची. कोणत्या पानावर तेल, कोणत्यावर हळद, अंगठा कुठं काळा झाला. कोरं करकरीत परत आलं की तोंड उतरायचं तिचं. एकदा बाजारात भाजी विकणारी मथुरा तिच्यापाशी येऊन बसली. मथुराचा लेक कामाला म्हणून दूर गेला होता आणि फोन करत नव्हता. म्हणाली, घरात जीव लागत नाही. तिला अक्षर येत नाही. विमलनं तिला लेकरांच्या कपाटातलं पाखरांच्या चित्रांचं पुस्तक दिलं.

"मले वाचता कुठं येते, बाई?"

"पाहता तं येते?"

पुस्तक उन्हाळाभर मथुराकडं राहिलं. दिगांबर दंडाचं बोलला, तर विमलनं त्याला झापलं. परत आलं तेव्हा नीळकंठाच्या पानावर हळदीची बोटं होती. विमलनं मला ते पान दाखवलं. "पाहा. चुलीजवळ गेलतं." एवढी खूश मी तिला पोरीच्या लग्नातही पाहिली नाही.

आता अध्यक्षांची गोष्ट. हे छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

लायब्ररीच्या अध्यक्षांनी एक पुस्तक लिहिलं, लेकरांसाठी. स्वतःच्या खर्चानं छापलं आणि एक प्रत नमुन्याच्या पेटीत गुपचूप टाकली. दिगांबरनं सगळ्यांबरोबर त्यालाही कव्हर घातलं. अध्यक्षांना वाटलं असेल, बाईच्या तोंडून न सांगता तारीफ ऐकू. चांगली हौस आहे, वाईट म्हणत नाही मी. बैठकीच्या सकाळी विमल एकेक पुस्तक उचलून निकाल सांगत होती. ते हातात घेतलं आणि म्हणाली, "हे नाई घ्याचं. लिहिणाऱ्याले लेकरं आवडत नाईत. त्याले आपलं आयकणारे लेकरं आवडतात."

कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी चहा खाली ठेवला. कागद त्यांनीच फाडला आणि नाव दाखवलं.

विमलनं नाव वाचलं. म्हणाली, "तुमचं आहे हे मालूम असतं तरी हेच म्हटलं असतं, भाऊ. जरा हळू म्हटलं असतं."

लोक हसले. अध्यक्षही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. पुढच्या वर्षी मोठ्या माणसांच्या पुस्तकांची निवड कमिटीकडं गेली. कमिटी काही वाचत नाही. नागपूरचा एक पुस्तकवाला बांधलेला गठ्ठा पाठवतो, हे लोक तो सोडतात आणि कपाटात लावतात. विमलकडं राहिलं लेकरांचं कपाट. "तेवढं राहू द्या बाईकडं," अध्यक्ष म्हणाले होते म्हणे. तिनं ते मानलं. पण मोठ्यांच्या कपाटापुढून जाताना ती तिकडं पाहत नसे, सवतीच्या घरावरून जावं तशी जायची.

मग साखरेनं तिचे डोळे खाल्ले.

सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टरनं मशीनमधून पाहिलं आणि डोळ्याचा मागचा पडदा गेला म्हणून सांगितलं. इंजेक्शनं झाली. उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, अक्षर गेलं. परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, "पाट्या वाचा बरं." मी वाचायला लागलो. माझं वाचणं असं, की पाटी वाचून होईस्तोवर गाव मागं जायचं. जाम गावाचा फाटा गेल्यावर मी 'जाम' वाचलं. समोरच्या सीटवरची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. विमल हसली नाही. बाहेर तोंड करून बसली. मी हात धरला तर म्हणाली, "हात नका धरू. वाचत राहा."

तेव्हा मला कळलं, ही मला कामाला लावते आहे.

या वर्षी कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, बाईंना आता दिसत नाही, खूप केलं त्यांनी, आता आराम करू द्या, लेकरांची पुस्तकंही गठ्ठ्यातूनच येऊ द्या. शाल-नारळाचंही बोलले. विमल उठून उभी राहिली. मी तिला हाताला धरून नेलं होतं, म्हणून मी तिथं होतो.

"नमुन्याचे पुस्तकं माह्या घरी पाठवा," ती म्हणाली. "पुढच्या बैठकीत सगळ्याचा निकाल देते. एकाचा जरी राह्यला, तं आणा तुमचा गठ्ठा. मी तोंड उघडणार नाई."

"पण वाचान कशा, काकू?" कोणीतरी विचारलं.

तिनं माझ्याकडं बोट केलं. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी टोपी काढून परत घातली.

घरी आल्यावर मी भांडलो. म्हटलं, मले जोडाक्षर दिसलं की घाम फुटते, आन् तू अटी घालून आली. कोणाच्या भरोशावर?

"तुमच्या," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. डोळे गेले तरी भाकरी गोल व्हायची तिची.

रोज संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की आम्ही बसायचो. पहिले दिवस फार वाईट गेले. मी ओळीवर बोट ठेवून वाचणार, मध्येच कोणी तेल मागणार, परत आलो की ओळ हरवलेली. राजाचं बोलणं आणि कोल्ह्याचं बोलणं माझ्या तोंडून एकच. जी गोष्ट वाचावी ती रडकी व्हायची. विमल चिडायची. "अजी, हे पुस्तक असं आहे का तुम्ही असे आहा? कसं सांगू मी?" आणि खरंच तिला कळेना. आम्ही तशी दोन-तीन पुस्तकं परत पहिल्यापासून वाचली. एकदा मी पुस्तक गल्ल्यावर आपटलं आणि बाहेर जाऊन बसलो. ती आतून म्हणाली, "बसले का रुसून? पान दुमडून ठेवलं का तरी?"

मी दुमडलं नव्हतं.

पण हळूहळू जमलं. मी सुधारलो असं नाही. तिला माझी सवय झाली. एक दिवस म्हणाली, "आता काई फिकर नाई. तुमच्या वाचण्यातले खड्डे मले पाठ झाले. गाडी आदळली की समजते, खड्डा तुमचा आहे का पुस्तकाचा." त्यानंतर तिचे निकाल भराभर यायला लागले. सकाळी मी चहा द्यायचो, ती कप दोन्ही हातांत धरून गप्प बसायची, जसं काही आत कोण कोण उरलंय ते मोजते आहे. मग सांगायची. "कालच्यातला कोल्हा गेला, पण त्या पोरीचा फाटका झोला राह्यला. ठेवा." किंवा, "काईच नाई राह्यलं. वापस." मी पुस्तक त्या त्या गठ्ठ्यात ठेवायचो. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. दुकानाचं, पोरीचं, पावसाचं बोलायचो. त्या दिवसांत आम्ही कोल्ह्याबद्दल भांडलो. चांगले दिवस होते. मला तेव्हा वाटलं, डोळे गेले ते एका परीनं बरंच झालं. तिला मी हे बोललो नाही. तिला माहीत असणार.

शेवटच्या सकाळचं सांगतो आणि थांबतो.

मी चहा ठेवायला उठलो आणि तिला हलवलं. हात गार होता. नाकाशी बोट धरलं. मग खाली बसलो तिच्याजवळ. गल्लीत कोणी उठलं नव्हतं. साधी झोपली होती, एक हात उशीखाली.

रडावं तर गल्ली गोळा होईल, हे मला बसल्या बसल्या कळलं. त्या सकाळी दिगांबर पुस्तकं न्यायला येणार होता, बैठक होती. गल्ली गोळा झाली की पुस्तकांकडं कोण पाहतं? बैठकीत सगळे दोन मिनिटं उभे राहतील, बाई फार चांगल्या होत्या म्हणतील, आणि नागपूरचा गठ्ठा येईल. एकाचा जरी निकाल राहिला तर आणा, हे तिनंच म्हटलं होतं. राहिला होता एकाचा.

मी तिच्या अंगावर शाल नीट केली. घर आणि दुकानामधलं दार लोटलं. तोंड धुतलं. शटर वर केलं.

दिगांबर मालाचा ऑटो घेऊन आला. "काका, उठले का? झाले का पुस्तकं?"

"हे ठेवाचे. हे वापस कराचे."

त्यानं एकेक गठ्ठा उचलून ऑटोत ठेवला. मग गल्ल्यावर पडलेलं पुस्तक दिसलं त्याला. "आन् हे?"

मी गल्ला पुसायला लागलो.

त्यानं पुस्तक चाळलं आणि मधल्या दाराकडं तोंड करून ओरडला, "काकू! हे म्हशीचं कोणत्या गठ्ठ्यात टाकू?"

आतून काय येणार? तो थांबला. मग अजून मोठ्यानं, "काकूऽ! निकाल सांगा ना!"

"मले विचार," मी म्हटलं.

"तुमाले?"

"वाचलं कोणं?"

"ते बराबर आहे. पण..."

"पण काय? रात्र गेली ना?"

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो आणि डोक्यात काय उरलं ते पाहिलं. म्हशीचा रंग आठवेना. घरच्या बाईचं नाव आठवेना. शेवट कसा झाला तोही आठवेना. पण दोर घेतलेला तो माणूस अंगणात आला होता आणि त्याला कोणीतरी आधीच चहा ठेवला होता. आणि खुर्ची कुरकुरली होती. ती पुस्तकाला हसली की माझ्या वाचण्याला, हे मला आता कोणी सांगणार नाही. पण तो माणूस उरला होता. स्पष्ट दिसत होता.

"ठेवाचं," मी म्हटलं.

"अध्यक्षानं विचारलं, काऊन ठेवाचं, तं काय सांगू?"

"सांग, तो दोरवाला अजून आंगणात बसून आहे. आन् हेही सांग, बाकी सगळे तिचे निकाल, हा एक माहा."

दिगांबरला काही कळलं नाही, पण त्यानं पुस्तक बरोबर त्या गठ्ठ्यावर ठेवलं. मी सुतळी आणली. दोन्ही गठ्ठे मी स्वतः ऑटोतच बांधले, गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. तो ऑटोत बसला. तेव्हा त्याच्याजवळ जाऊन मी म्हटलं, "दिगांबर, विमल गेली."

त्याचा हात हँडलवर तसाच राहिला. "कधी?"

"पहाटे."

तो मधल्या दाराकडं पाहायला लागला, जिथं त्यानं आत्ता हाका मारल्या होत्या. मग पाय खाली टाकून उतरायला लागला. मी त्याचा खांदा धरून त्याला बसवलं.

"आधी पुस्तकं पोचव. मंग ये. सगळ्यायले घेऊन ये."

"काका..."

"जा."

ऑटो पहिल्यांदा सुरू झाला नाही. दुसऱ्यांदा झाला. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी रस्त्यात उभा राहिलो. मग शटर पूर्ण खाली ओढलं आणि जाऊन शेजारचं दार वाजवलं.